‘होतो’ दिसला की लगेच ‘हॅड’ नको: इंग्रजीत काळ कसा निवडायचा

सांगलीत इंग्रजीच्या क्लासला येणाऱ्या मोठ्या माणसाला बारा काळांचा तक्ता बहुतेक वेळा येत असतो. सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस, आणि हे सगळं तीन-तीनदा. शाळेत घोकून झालेलं असतं. अडतं ते तोंड उघडल्यावर. मनात मराठी वाक्य तयार होतं, ‘गेलो होतो’ मधला ‘होतो’ दिसतो आणि जीभ ‘हॅड गॉन’ म्हणून मोकळी होते. रूप बिनचूक असतं, फक्त ते तिथं बसत नाही.

म्हणून हा लेख तक्त्याबद्दल नाही. कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेले, मार्केट यार्डातल्या पेढीवर बाहेरगावच्या पार्ट्यांशी बोलणारे, बँकेच्या किंवा पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करणारे, अशा लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. बारापैकी रोज लागणारे काळ पाच-सहाच आहेत. आधी ते पक्के करा. ‘फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस’शिवाय आयुष्यात अडलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

पहिली पायरी: क्रियापदाचं शेपूट सोडा, दोन प्रश्न विचारा

मराठीचं एकच रूप किती कामं करतं ते बघा. ‘मी रोज मिरजेहून येतो.’ ‘मी उद्या येतो.’ ‘बरं, येतो मी.’ तिन्हीकडे ‘येतो’च. इंग्रजीत पहिलं ‘आय कम फ्रॉम मिरज एव्हरी डे’, दुसरं ‘आय विल कम टुमारो’, आणि तिसऱ्याला तर ‘कम’ चालतच नाही, कारण तुम्ही निघालेले आहात. तिथं ‘आय शुड गो नाऊ’ किंवा साधं ‘बाय’.

तेव्हा शेपटावरून काळ ठरवायची सवय मोडायची. त्याऐवजी दोन प्रश्न. ही गोष्ट कधीची आहे, आणि ती वेळ संपली का? दुसरा: मला ती कशी सांगायची आहे? नेहमीची म्हणून, आत्ता चाललेली म्हणून, होऊन गेलेली म्हणून, की होऊन गेली पण तिचा परिणाम आज समोर आहे म्हणून? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांवरच उभ्या आहेत.

दुसरी पायरी: नेहमीचं आणि आत्ताचं

हा भाग सोपा आहे, त्यातून आपल्या भागातल्या बोलीनं तो आणखी सोपा केलाय. ‘काय करालाय?’ ‘जेवालोय.’ हे जे ‘-आलोय’ आहे ते जवळजवळ नेहमीच ‘ॲम – इंग’ असतं: ‘आय ॲम ईटिंग.’ उलट ‘मी आठला जेवतो’ ही सवय झाली, म्हणून ‘आय ईट ॲट एट.’ सवय, नियम, वेळापत्रक या सगळ्याला सिंपल प्रेझेंट. गाडी उद्याची असली तरी वेळापत्रक म्हणून सांगताना ‘द ट्रेन लीव्ज मिरज टुमारो नाईट’ असंच म्हणतात. आणि ही, शी, इट आले की क्रियापदाला ‘एस’ लावायचा. हे माहीत सगळ्यांना असतं, बोलताना मात्र विसरतं.

फसायला होतं दोन ठिकाणी.

एक म्हणजे जी क्रिया नसून स्थिती असते, तिला ‘इंग’ लावणं. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं, मालकीचं असणं. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही वाक्यं आपल्याकडे इतकी ऐकू येतात की कानाला खटकतही नाहीत. ‘आय नो हिम’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढंच हवं. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथं ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवणं ही क्रिया आहे.

दुसरं ठिकाण याच्या उलट, आणि ते कुठल्या तक्त्यात सापडत नाही. मराठीत काही अवस्था आपण पूर्ण झालेल्या क्रियेनं सांगतो. ‘तो बाकावर बसलाय.’ ‘बाळ झोपलंय.’ ‘तिनं पैठणी नेसलीय.’ ‘ते दारात उभे राहिलेत.’ रूपाकडे बघून ‘ही हॅज सॅट’ करावंसं वाटतं. पण आत्ता काय दिसतंय? बसलेला माणूस दिसतोय. म्हणून ‘ही इज सिटिंग ऑन द बेंच’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ पैठणी’, ‘दे आर स्टँडिंग ॲट द डोअर’. त्याच जातीची शरीराची वाक्यं: ‘भूक लागली’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, ‘दमलो’ म्हणजे ‘आय ॲम टायर्ड’, ‘सर्दी झालीय’ म्हणजे ‘आय हॅव अ कोल्ड’. मराठीत भूतकाळ, इंग्रजीत चक्क वर्तमान.

तिसरी पायरी: ‘होतो’ काढून बघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

मराठीत झालेली गोष्ट जरा लांबून सांगायची असली की आपण सहज ‘होतो, होता, होती’ जोडतो. ‘मागच्या वर्षी पंढरपूरला गेलो होतो.’ ‘काल तुझा भाऊ भेटला होता.’ ‘सोमवारी माल पाठवला होता.’ यात काही विशेष अर्थ नसतो, आपली बोलण्याची लकब आहे ती. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र लकब म्हणून येत नाही. तो आला की ऐकणारा भूतकाळातली दुसरी घटना शोधायला लागतो.

समजा कुपवाडच्या एका युनिटमधून पुण्याच्या ग्राहकाला मेल गेली: ‘वी हॅड डिस्पॅच्ड द मटेरिअल ऑन मंडे.’ लिहिणाऱ्याच्या मनात एवढंच की माल सोमवारी गेला. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो: पाठवला होता, मग? गाडी परत आली का? कुणी अडवला का? ‘हॅड’नं पुढच्या ‘पण’ची चाहूल दिली आणि पुढे काहीच नाही. ‘वी डिस्पॅच्ड द मटेरिअल ऑन मंडे’ लिहिलं असतं तर ग्राहक पावती फाईलला लावून मोकळा झाला असता.

तपासायची रीत अशी. मराठी वाक्यातला ‘होतो’ काढा आणि पुन्हा वाचा. ‘सोमवारी माल पाठवला.’ अर्थ बदलला का? नाही. मग सिंपल पास्ट. आता हे वाक्य घ्या: ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती.’ ‘होती’ काढा. ‘आम्ही पोचलो तेव्हा गाडी गेली.’ अर्थ फिरला! आता असं वाटतं की गाडी आपल्या डोळ्यांसमोर सुटली. म्हणजे इथला ‘होती’ खरोखर काम करतोय, एक घटना दुसरीच्या आधीची आहे हे सांगतोय. इथं ‘हॅड’ हवाच: ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ अशा वाक्यात मराठीतही ‘आधीच’ हा शब्द घालता येतो किंवा ‘गेलेली होती’ म्हणता येतं. ही दुसरी खूण.

‘-त होतो’ची गोष्ट वेगळी आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. ‘मी जेवत होतो तेव्हा लाइट गेली’: ‘आय वॉज ईटिंग व्हेन द पॉवर वेंट.’ फक्त जुन्या सवयीबद्दल बोलताना, म्हणजे ‘लहानपणी आम्ही कृष्णेत पोहायचो’, ‘पोहत होतो’, ‘पोहत असू’, या तिन्हीला ‘वी यूज्ड टू स्विम’. आणि प्रश्न किंवा नकार करताना भूतकाळ ‘डिड’मध्ये एकदा येऊन गेला की क्रियापद मूळ रूपात राहतं. ‘डिड यू वेंट’ नाही, ‘डिड यू गो’.

चौथी पायरी: पुण्याची गाडी गेली का?

आता प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे ‘हॅव गॉन’, ‘हॅज लेफ्ट’वाला काळ. व्याख्येपेक्षा सांगलीच्या एसटी स्टँडवर तो लवकर कळतो.

तुम्ही धावत आलात. चौकशीच्या खिडकीशी पहिला प्रश्न काय? ‘पुण्याची गाडी गेली का?’ तुम्हाला गाडी किती वाजता सुटली याच्याशी देणंघेणं नाही. आत्ता या क्षणी ती फलाटाला आहे की नाही, एवढंच हवंय. ‘हॅज द पुणे बस लेफ्ट?’ खिडकीतून उत्तर येतं, ‘गेली की!’ ‘येस, इट हॅज लेफ्ट.’ मग कपाळावर हात मारून दुसरा प्रश्न: ‘कधी गेली?’ आणि इथं काळ बदलतो. ‘व्हेन डिड इट लीव्ह?’ ‘इट लेफ्ट टेन मिनिट्स अगो.’

मराठीत चारही वाक्यांत ‘गेली’ आहे. इंग्रजीत पहिली दोन परफेक्ट, पुढची दोन सिंपल पास्ट. कारण ‘कधी’ आला. ‘काल’, ‘सोमवारी’, ‘दहा मिनिटांपूर्वी’, ‘२०१९ मध्ये’, असं संपलेल्या वेळेचं नाव वाक्यात आलं की परफेक्ट बाद. ‘आय हॅव सेंट द मेल येस्टर्डे’ ही चूक ऑफिसात सर्रास होते. एक तर ‘येस्टर्डे’ काढा, नाही तर ‘हॅव’ काढा.

हाच फरक मोठ्या गोष्टींनाही लागतो. सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला: ‘द आयर्विन ब्रिज ओपन्ड इन १९२९.’ तेव्हापासून तो उभा आहे: ‘इट हॅज स्टूड देअर सिन्स १९२९.’ पूल एकच, साल एकच, काळ दोन. पहिल्या वाक्यात एक दिवस होता आणि तो संपला. दुसरं वाक्य आजपर्यंत येऊन पोचतं.

पावसाळ्यात तर सगळं शहर या काळांतच बोलत असतं. ‘आयर्विनला पाणी वाढतंय’: ‘द वॉटर इज रायझिंग.’ ‘चाळीस फुटांवर गेलंय’: ‘इट हॅज रीच्ड फॉर्टी फीट.’ ही ताजी खबर आहे, पाणी आत्ता तिथं आहे, इशारा पातळीला. ‘२०१९ ला धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं’: ‘इन २०१९ इट वेंट फार अबव्ह द डेंजर लेव्हल.’ साल आलं, ‘हॅव’ गेला. आणि ‘होतं’ असूनही ‘हॅड’ आला नाही, मागची चाचणी लावून बघा. बाहेरगावच्या पाहुण्यांना पुराचा मेसेज इंग्रजीत टाकायची वेळ आली तर या तीन वाक्यांवर बरंच भागतं.

परफेक्टसोबत बसणारे शब्द: ‘आत्ताच’, ‘अजून’, ‘आत्तापर्यंत’, ‘कधीतरी’. ‘आत्ताच जेवलो’ म्हणजे ‘आय हॅव जस्ट ईटन.’ अमेरिकन लोक इथं ‘आय जस्ट एट’ म्हणतात आणि तेही त्यांच्याकडे चूक नाही. परीक्षेत मात्र पहिलं लिहा, आपल्याकडे शाळेपासून ब्रिटिश वळणच शिकवतात.

‘गॉन’ आणि ‘बीन’चा घोळ मराठीतूनच सुटतो. ‘दादा मुंबईला गेलाय’, अजून तिकडेच आहे: ‘ही हॅज गॉन टू मुंबई.’ ‘मी मुंबईला जाऊन आलोय’: ‘आय हॅव बीन टू मुंबई.’ ‘जाऊन येणं’ दिसलं की ‘बीन’.

पाचवी पायरी: ‘पासून’

‘मी पाच वर्षांपासून कुपवाडला काम करतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ, म्हणून लोक ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतात. यात दोन चुका एकदम आहेत. काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणजे मागचं टोक आणि आजचं टोक दोन्ही पकडणारा काळ हवा: ‘आय हॅव बीन वर्किंग.’ आणि ‘पासून’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. किती वेळ हे मोजून सांगितलं तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स.’ सुरुवातीचा खुंटा दाखवला तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०२०’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स द फ्लड.’

माहीत असणं, ओळखणं अशा स्थितींना इथंही ‘इंग’ नाही: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’

सहावी पायरी: भूतकाळाचा मुखवटा

फोन वाजतो, कुणीतरी विचारतं ‘कुठं आहेस?’ आणि आपण घरात चप्पल शोधत म्हणतो, ‘आलो, आलो, पोचलोच!’ जे अजून झालंच नाही ते भूतकाळात. सांगलीकराचं ‘पाच मिनिटांत पोचलो’ कुठल्याही भाषेत खरं ठरेल याची हमी नाही, पण इंग्रजीत निदान काळ तरी बरोबर ठेवा: ‘आय ॲम कमिंग’, ‘आय विल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स.’ ‘आय केम’ म्हणालात तर समोरचा दार उघडून बघेल.

‘पोचलास की फोन कर.’ ‘पाऊस आला तर कपडे आत घे.’ इथंही ‘पोचलास’, ‘आला’ ही रूपं भूतकाळाची आणि गोष्ट पुढची. कुणी त्यावरून ‘व्हेन यू रीच्ड’ करतं, कुणी अर्थाकडे बघून ‘व्हेन यू विल रीच’ करतं. दोन्ही नको. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ॲज सून ॲज’, ‘अनटिल’ यांच्यानंतर, पुढे घडणारी गोष्ट असली तरी, सिंपल प्रेझेंट येतो: ‘कॉल मी व्हेन यू रीच.’ ‘इफ इट रेन्स, टेक द क्लोद्ज इन.’ ‘विल’ लावायचाच तर वाक्याच्या दुसऱ्या भागात: ‘इफ यू कम, आय विल कम टू.’

‘तू आला असतास तर बरं झालं असतं’ यातलं ‘असतास’ म्हणजे न घडलेली गोष्ट. त्याला ठरलेला साचा आहे: ‘इफ यू हॅड कम, इट वुड हॅव बीन नाइस.’ सुरुवातीला हा साचा वाक्यासकट पाठ केला तरी चालेल.

पुढचं, आणि दुसऱ्याचं बोलणं

भविष्यकाळाची भीती उगाच असते. आधीच ठरवलंय, तिकीट काढलंय: ‘उद्या पुण्याला चाललोय’, ‘आय ॲम गोइंग टू पुणे टुमारो.’ मनात बेत आहे किंवा लक्षणं दिसतायत: ‘पाऊस येणारसं दिसतंय’, ‘इट इज गोइंग टू रेन.’ बोलता बोलता ठरवलं: ‘थांब, मी बघतो’, ‘वेट, आय विल चेक.’ शेवटच्यात मराठी ‘बघतो’ आहे म्हणून ‘आय चेक’ म्हणू नका.

दुसऱ्यानं काय म्हटलं ते सांगताना मराठी त्याचा काळ तसाच ठेवते: ‘तो म्हणाला की मी येतोय.’ इंग्रजी तो एक पायरी मागे ढकलते: ‘ही सेड ही वॉज कमिंग.’ येतोयचं ‘वॉज कमिंग’, येईनचं ‘वुड कम’, आलोचं ‘हॅड कम’. ‘हॅड’ला हक्काचं काम मिळतं ते इथंही.

मुलाखतीतली ओळख

आता सगळं एकत्र. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर बोलायची चार वाक्यं, प्रत्येकाचा काळ वेगळा:

‘आय लिव्ह इन विश्रामबाग.’ कायमचं राहणं, म्हणून सिंपल.

‘आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०२२.’ साल आलं. ‘हॅव कम्प्लीटेड’ नको, आणि ‘हॅड कम्प्लीटेड’ तर नकोच.

‘आय हॅव बीन वर्किंग विथ अ टरमरिक ट्रेडर फॉर टू इयर्स.’ अजून तिथंच आहात. नोकरी सोडली असेल तर ‘आय वर्क्ड विथ अ टरमरिक ट्रेडर फॉर टू इयर्स.’ या एका फरकावरून समोरच्याला कळतं की तुम्ही नोटीस देऊन येणार की उद्यापासून हजर होणार, म्हणून इथं चुकू नका.

‘ॲट प्रेझेंट आय ॲम लर्निंग टॅली.’ सध्या चाललेलं, काही दिवसांनी संपणारं.

सराव करताना इंग्रजी वाक्यं वाचून भाषांतर करत बसण्यापेक्षा दिवसभरात स्वतः मराठीत बोललेली पाच वाक्यं रात्री वहीत लिहा आणि ती इंग्रजीत न्या. फसवी वाक्यं तिथंच सापडतात. क्रियापदांची तीन रूपं मात्र एका दमात पाठ करायला पर्याय नाही: गो, वेंट, गॉन. ‘पुट’ तिन्हीकडे ‘पुट’च. ‘रीड’चं स्पेलिंग तिन्हीकडे तेच, पण दुसरं आणि तिसरं वाचायचं ‘रेड’.

आता ही पाच वाक्यं, उत्तरावर हात ठेवून करून बघा.

‘मी काल तुला दोनदा फोन केला होता.’ ‘आय कॉल्ड यू ट्वाइस येस्टर्डे.’

‘आजी झोपलीय.’ ‘ग्रँडमदर इज स्लीपिंग.’

‘सौदे संपले की येतो.’ ‘आय विल कम व्हेन द ऑक्शन्स आर ओव्हर.’

‘आम्ही पुलापाशी गेलो तोवर पोलिसांनी रस्ता बंद केला होता.’ ‘बाय द टाइम वी रीच्ड द ब्रिज, द पोलीस हॅड क्लोज्ड द रोड.’

‘मी तीन वर्षांपासून चहा सोडलाय.’ हे मुद्दाम अवघड ठेवलंय. ‘पासून’ आहे म्हणून ‘हॅव गिव्हन अप फॉर थ्री इयर्स’ करावंसं वाटेल. पण सोडणं एका दिवसात झालं, ते तीन वर्षं चाललेलं नाही. चाललंय ते न पिणं. म्हणून एक तर सोडल्याचा दिवस सांगा, ‘आय गेव्ह अप टी थ्री इयर्स अगो’, नाही तर न पिणं सांगा, ‘आय हॅव नॉट हॅड टी फॉर थ्री इयर्स.’